‘सेल्फ क्लीन’ एसी: कॉइल धुतली जाते, जाळी आपल्यालाच धुवावी लागते

गेल्या मार्चमध्ये वाकडच्या आमच्या घरासाठी आम्ही दीड टनाचा, पाच स्टारचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. वडिलांना धुळीचा त्रास आहे आणि इमारतीच्या दोन्ही बाजूंना बांधकामे चालू असल्यामुळे सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने रेघ ओढता येते, म्हणून खोक्यावर ‘सेल्फ क्लीन’ असे छापलेले मॉडेल मुद्दाम निवडले. आता फिल्टर धुवायची गरजच नाही, असे दुकानातल्या विक्रेत्याने सांगितले. मे महिन्याच्या सुरुवातीला हवेचा झोत मंदावला तेव्हा पुढचे झाकण उघडले, तर फिल्टरच्या दोन्ही जाळ्यांवर राखाडी धुळीची गोधडीच बसलेली होती.

यंत्रात बिघाड काहीच नव्हता. जाळी स्वच्छ करणे हे या यंत्राचे कामच नाही, आणि ते आम्हाला विकत घेताना कळायला हवे होते.

आमच्या एसीत स्वच्छ होते ती जाळीच्या मागची कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या आणि त्यांवरची पाती. रिमोटवरचे बटण दाबले की पंखा जवळजवळ थांबतो, कॉम्प्रेसर चालू राहतो आणि कॉइलचे तापमान शून्याच्या खाली जाते. खोलीतल्या हवेतली वाफ ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर हिमाच्या रूपाने गोठते आणि पात्यांना चिकटलेल्या धुळीला वेढून टाकते. मग ते हिम वितळते, त्या पाण्याबरोबर धूळ खालच्या तबकात उतरून ड्रेन पाइपवाटे बाहेर जाते आणि शेवटी पंखा फिरून कॉइल सुकवली जाते. या सगळ्याला साधारण अर्धा तास लागतो, आणि तेवढा वेळ गारव्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मध्येच प्लॅस्टिक आकुंचन पावल्याचा कटकट आवाज येतो. पहिल्यांदा आम्ही घाबरलो, पण तो नेहमीचाच आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मला वापरतानाच लक्षात आली. धुण्याचे पाणी नळातून येत नाही, ते खोलीतल्या हवेतूनच मिळवावे लागते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की हिमाचा थर विरळ बसतो आणि ड्रेन पाइपच्या टोकाशी धरलेल्या मगमध्ये जेमतेम तळ झाकला जातो. जुलैत तीच प्रक्रिया केल्यावर तोच मग बराच भरला आणि पाणी स्पष्ट गढूळ होते. म्हणजे धूळ सर्वांत जास्त असते त्या दिवसांत ही धुलाई सर्वांत दुबळी असते. मुंबईत किंवा कोकणात, जिथे हवा एरवीही दमट असते, तिथे ती अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. पावसाळ्यात मात्र आमच्याकडेही तिने काम चोख केले, आणि एसी सुरू करताना येणारा कुबट वास यंदा आला नाही, याचे श्रेय मी तिला मोकळेपणाने देतो.

ब्लोअरपर्यंत, म्हणजे हवा खोलीत ढकलणाऱ्या आतल्या पंख्यापर्यंत, हे पाणी पोहोचत नाही. त्याच्या पात्यांवर बसलेली काळी बुरशी मेकॅनिकच्या जेट पंपानेच निघते, त्यामुळे वर्षातली ती सर्व्हिसिंग टळलेली नाही. शिवाय जाळी तुंबलेली असताना कॉइलवर पुरेशी हवा पोहोचत नाही, गारवा कमी होतो आणि नको त्या वेळी बर्फ धरू शकतो; कॉइलच्या धुलाईने जाळीच्या दुर्लक्षाची भरपाई होत नाही.

जाळी खरोखर स्वतः झाडणारे एसी निराळे. जपानच्या फुजित्सू जनरलने 2003 मध्ये ‘नोक्रिया’ नावाने असा एसी बाजारात आणला. अशा यंत्रणेत छोटी मोटर जाळीला ब्रशवरून सरकवते, किंवा ब्रशच जाळीवरून फिरतो, आणि खरवडलेली धूळ एका डबीत जमा होते. काही मॉडेलांत ती शोषून बाहेरही टाकली जाते. कोरड्या धुळीसाठी हा उपाय फार चांगला आहे. पण स्वयंपाकघराला लागून खोली असेल तर फोडणीचा तेलकट अंश जाळीवर बसतो, धूळ त्याला चिकटते आणि ब्रशने ती सुटत नाही. डबीही केव्हातरी रिकामी करावीच लागते. मोटर आणि ब्रश यांमुळे इनडोअर युनिट उघडून साफ करण्याचे काम किचकट होते, तेव्हा असे मॉडेल घेताना सर्व्हिसिंग कोण करणार हे आधी विचारावे.

एसी बंद केल्यावर काही मिनिटे पंखा चालवून कॉइल सुकवणे, एवढ्यालाही काही ठिकाणी ‘ऑटो क्लीन’ म्हणतात. त्याने बुरशी कमी होते, धूळ निघत नाही. त्यामुळे दुकानात ‘सेल्फ क्लीन आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘जाळी साफ होते की कॉइल, आणि कशाने’ असे विचारावे, आणि उत्तर माहितीपुस्तिकेत दाखवायला सांगावे.

गारवा, आवाज आणि विजेचे बिल या तिन्ही बाबतींत आम्ही समाधानी आहोत, म्हणून एसीला पाचपैकी साडेतीन गुण देतो. धुळीच्या दिवसांत दर दुसऱ्या रविवारी मी जाळ्या साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतो. दहा मिनिटांचे काम आहे. नेहमीच्या जाळीने बारीक धूळ अडत नाही, म्हणून वडिलांच्या खोलीसाठी वेगळा एअर प्युरिफायर घ्यावा लागला, आणि तो खर्च आम्ही एसी घेताना धरलेला नव्हता.