व्हीलचेअरच्या दोन चाकांचे ११,५९९ रुपये

बिलाची फोड आधीच देते, म्हणजे कोणी विचारायला नको. व्हिजिट ५००, ‘इम्पोर्टेड कास्टर किट’ (कास्टर म्हणजे पुढची छोटी, वळणारी चाकं) ७,४००, अलाइनमेंट १,२०० आणि वर्षभराचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट २,४९९. खरा बिघाड नंतर सायकलवाल्याने ६० रुपयांत काढला.

आईची खुर्ची जरा वेगात ढकलली की पुढचं डावं चाक थडथड उडायचं आणि वळताना अडायचं. कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला तर तक्रार क्रमांक मिळाला, माणूस नाही. मग नेटवरच्या ‘घरपोच दुरुस्ती’वाल्याला बोलावलं. हे लोक कसे लुबाडतात ते सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं. गीझर, आरओवाल्यांना मी दारातूनच परत पाठवते. पण इथे आई पलंगावर, तिला बाथरूमला न्यायचं तर हीच एक खुर्ची, आणि ती हॉलमध्ये चाकं काढून उलटी पडलेली. वर तो म्हणतोय, “ताई, फोर्क कधीही तुटेल, आजी तोंडावर पडतील.” (फोर्क म्हणजे चाक धरून ठेवणारा चिमटा.) अशा वेळी कोण घासाघीस करतं ते मला सांगा.

प्रेस मशीन गाडीला लावलंय म्हणून तो चाकं घेऊन खाली गेला. वर आला तो खिशातून एक गंजकं बेअरिंग काढत. माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, “हे बघा, आतून काय निघालं.” हातावर तपकिरी भुकटी सांडली. मी ते उलटंसुलटं केलं तर माझी करंगळी भोकातून आरपार गेली. आणि ज्या बोल्टवर ते म्हणे बसलेलं होतं, तो बोल्ट समोर वर्तमानपत्रावर पडलेला. जाडी पेन्सिलीएवढी! बऱ्याच खुर्च्यांच्या पुढच्या चाकात ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. हा नंबर मला तेव्हा माहीत नव्हता, पण करंगळी माझीच होती आणि बोल्ट डोळ्यांसमोर होता. ‘हे इतकं सैल कसं?’ हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात आईने आतून हाक मारली, आणि मी परत येईपर्यंत त्याने चाकं बसवून क्यूआर कोड पुढे धरला होता. रात्री झोप लागत नाही ती त्या करंगळीमुळे.

थोड्याच दिवसांत थडथड पुन्हा सुरू. सायकलवाल्याने चाक उघडलं. नव्या चकचकीत टोपणाखाली हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, तोंडाशी केसांचा आणि हिरव्या लोकरीचा घट्ट वेटोळा. आईच्या शालीची लोकर! म्हणजे ७,४०० चं ‘इम्पोर्टेड’ चाक हे आमचंच जुनं, पॉलिश मारलेलं. बेअरिंग धडधाकट. फोर्क ज्यावर वळतो त्या उभ्या दांड्यावरचा नट तेवढा सैल. ब्लेडने केस कापले, नट आवळला, झालं.

पैसे देण्याआधी हे करून बघा. खुर्ची रिकामी करा, मागे कलंडवून पुढची चाकं उचला, कास्टर बाजूला वळवून सोडून द्या. खाली येऊन एखादा झोका घेऊन थांबलं तर ठीक. झुलतच राहिलं तर नट सैल आहे, वाटेत अडकलं तर फार आवळलाय. आणि काढलेला भाग खाली न्यायचा नाही, जे करायचं ते माझ्यासमोर, हे दारातच सांगायचं.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. जाहिरात दाखवणारे म्हणाले, आम्ही फक्त माहिती देतो. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “दुरुस्तीचा वाद आहे, ग्राहक मंचात जा.” जुनं चाक नवं म्हणून विकलं, ही फसवणूक नाही? पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, हे मी वाचून गेले होते. त्यावर उत्तर काय, तर पावती आजींच्या नावावर आहे, त्यांना घेऊन या. खुर्चीवरून आणलं तरी आत कशी नेऊ? चौकीला चार पायऱ्या, रॅम्प नाही. ग्राहक हेल्पलाइनने दुकानाचं नोंदणीकृत नाव आणि जीएसटी क्रमांक मागितला. पावतीवर दोन्ही नाहीत, म्हणूनच तर तक्रार आहे ना! शेवटी ‘संबंधितांकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रार बंद. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतो, सगळं खरं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे तो एक मोबाइल नंबर. त्यामुळे जीएसटी क्रमांक आणि पत्ता असलेली पावती हातात आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, व्हिजिटचाही नाही.

‘अलाइनमेंट’चे, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावण्याचे, पैसे लगेच देऊ नका. मागच्या चाकांत हवा कमीजास्त असली तरी खुर्ची एका बाजूला ओढते, आधी पंप मारून बघा. सीलबंद बेअरिंगवर तेल सोडू नका, धूळ बसते. केस दर महिन्याला काढा. वार्षिक कॉन्ट्रॅक्टवाल्याला चहाही विचारू नका.

त्याची जाहिरात अजून दिसते, नाव बदललंय, नंबर तोच. कोणी घरी येऊन खिशातून गंजकं बेअरिंग काढलंच, तर आधी ते तुमच्याच बोल्टवर चढवून दाखवायला सांगा.