लॉट खोऱ्यातली सायकल टूर: रस्त्याला पैकीच्या पैकी, जेवणाला काठावर पास

फ्रान्समधली सेल्फ-गाइडेड सायकल टूर कशी असते, पैसे वसूल होतात का, हे आमच्या लातूरच्या सायकल ग्रुपात दर रविवारी कोणीतरी विचारायलंय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव घालत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि तसंही असल्या कंपन्या तिकडं ढीगभर, साचा सगळ्यांचा एकच. गाइड सोबत नसतो. ते सायकल देतात, मोबाइलमध्ये जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे रस्ता दाखवणारी फाइल, आणि हातात छापील रूट नोट्स देतात, रोजचं हॉटेल बुक करून ठेवतात आणि तुमची बॅग गाडीत टाकून पुढच्या मुक्कामाला पोचवतात. पेडल तुमचं, दम तुमचा. आठवड्याचे माणशी दीड लाखाच्या घरात गेले, विमान, व्हिसा आणि दुपारचं खाणं वेगळं. गणपती आटोपून निघालो, मी, बायको आणि ग्रुपातले डॉक्टरसाहेब.

पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्टेशनातून सुयाकला थेट रेल्वे आहे, तिथं सायकली ताब्यात मिळाल्या. तिथून रोकामादूर, मग कारेनाक, लुब्रेसाक, ओत्वार ही डोंगरातली जुनी गावं, पुढं फिजाक, तिथून सेले नदीच्या कडेकडेनं सँ-सिर्क-लापोपी आणि शेवट काओर. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, आपण बार्शी रोडला नाश्त्याच्या आधी मारतो तेवढं. पण इथं नद्यांनी चुनखडीचं पठार खोल कापून काढलंय, त्यामुळं नदीकाठावरून निघालं की दोन-तीनशे मीटर चढा, पठारावर जरा सपाट पळा, परत दुसऱ्या नदीत उतरा, हाच खेळ दिवसभर. कंपनीनं ह्याला ‘मध्यम’ म्हटलंय. धारूरचा घाट नेहमी मारणाऱ्याला मध्यम ठीक आहे, बाकीच्यांनी गुमान ई-बाइक घ्यावी, त्यात लाज कसली. युरोपात ई-बाइकची मोटर २५० वॉटची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर ती मदत बंद करते, म्हणजे पेडल मारावंच लागतं. बायकोनं घेतली होती. चढावर ती आमच्या पुढं जाऊन वरती झाडाखाली बसून अक्रोड फोडायलेली असायची आणि डॉक्टरसाहेब घामानं निथळत पोचले की विचारायची, “काय साहेब, बीपी बघू का?”

आता मुद्द्याचं. मला विचाराल तर ह्या दीड लाखातले अर्ध्याहून जास्त पैसे रस्ता निवडून दिल्याचे आहेत, आणि ते काम त्यांनी इतकं चोख केलंय की बाकी सगळं माफ. तिकडं गावागावांना जोडणारे डी नंबरचे रस्ते असतात, आपल्याकडच्या जिल्हा मार्गासारखे, कडेला पिवळ्या माथ्याचे किलोमीटरचे दगड. त्यातला कोणता निवांत आणि कोणत्यावर ट्रक पळतात हे बाहेरच्या माणसाला नकाशावरून कळत नाही. ह्यांच्या ट्रॅकवर तासतासभर गाडी दिसली नाही, आणि आली तरी मागं चुपचाप हळूहळू येत राहणार, हॉर्न नाही, काही नाही, कारण गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा तिकडं कायदा आहे, गावात एक मीटर. पहिल्या दिवशी एक पिकअपवाला वळणावळणानं मागं येत राहिला तर डॉक्टरसाहेब म्हणाले, अहो थांबा, ह्याला आपल्याला काहीतरी विचारायचंय. त्याला कशाला काय विचारायचंय, तो बिचारा जागा मिळायची वाट बघायला होता.

रूट नोट्समध्ये उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी हा नियमही नीट समजावलाय. गावातल्या बारक्या गल्लीतून गाडी आली आणि ती उजवीकडून असली, वेगळी पाटी नसली, तर थांबायचं तुम्ही. आपल्या डोक्याला हे लवकर पटत नाही. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली ओळ मात्र पाण्याची, की गावात दुकान उघडं नसेल तर स्मशानभूमीत जा, तिथं बहुतेक ठिकाणी फुलझाडांना घालायला नळ असतो, फक्त ‘नों पोताब्ल’ अशी पाटी असली तर पिऊ नका. बायकोनं आधी नाक मुरडलं. कॉसच्या पठारावर दुपारी बाटली रिकामी झाल्यावर पहिली तीच गेली.

हे कॉस म्हणजे तिथलं चुनखडीचं माळरान. आपल्याकडं काळा पाषाण, पाणी वरून वाहून जातं, तिथं पांढरा दगड, पाणी फटीतून थेट खाली, वर ओढा नाही, विहीर नाही, रचीव दगडांचे गडगे, खुरटे ओक आणि मेंढरं. आणि त्याच माळाखाली पादिराकची घळ आहे, ७५ मीटर खोल भोक, आत उतरायचं आणि खाली जमिनीच्या पोटातल्या नदीत नावेत बसायचं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावची आम्ही माणसं, ती नदी बघून मला काय वाटलं ते लिहित बसत नाही. तिकीट आधी ऑनलाइन काढा, कंपनी काढून देत नाही, नोट्समध्ये बारक्या अक्षरात तेवढं लिहिलंय.

आता गावं. रोकामादूर हे कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, खालच्या गल्लीतून देवळांपर्यंत २१६ पायऱ्या, जुन्या काळी यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढायचे. वरती मेरीची छोटी, काळी, लाकडी मूर्ती. तुळजापूरला आपण पायऱ्या उतरून आईकडं जातो, इथं चढून, बाकी खालची दुकानं, माळा, फोटोवाले सगळं ओळखीचं. दुपारी जाऊ नका, बसनं आलेली गर्दी असते, संध्याकाळी सहानंतर गल्ली मोकळी होते. नोट्समध्ये अजून ‘कड्यात रुतलेली दुरांदाल तलवार बघा’ असं छापलंय, ती दंतकथेतली तलवार २०२४ च्या जूनमध्ये कुणीतरी उपटून नेली. आम्ही मान वर करून शोधत बसलो, शेवटी बाजूच्या दुकानदारानं हातानंच खूण केली, गेली. दीड लाख घेता तर नोट्स तरी वर्षाला एकदा तपासा की राव.

कारेनाक, लुब्रेसाक, ओत्वार, सँ-सिर्क ही सगळी ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ ह्या संघटनेच्या यादीतली. ही संघटना १९८२ पासूनची, गावाची वस्ती दोन हजाराच्या आत पाहिजे अशी अट. गावं खरंच देखणी, मधाच्या रंगाचा दगड, उतरती तपकिरी छपरं, एक वायर लोंबकळताना दिसणार नाही. पण लुब्रेसाकात संध्याकाळी फिरताना अर्ध्या घरांच्या खिडक्या बंद, बरीचशी घरं सुट्टीपुरती वापरणाऱ्यांची. सँ-सिर्कमध्ये कायमची वस्ती दोनशेच्या आसपास, एके काळी तिथं लाकूड कातणारे कारागीर पिंपांच्या तोट्या बनवायचे, आता त्या दुकानांत चित्रं आणि आइस्क्रीम. पारावर बसलेलं म्हातारं माणूस बघायची सवय असलेल्याला हे जरा खटकतं. त्यापेक्षा मला फिजाक आवडलं, तिथं शनिवारचा बाजार भरतो, पोरं सायकली पळवतात. इजिप्तची चित्रलिपी वाचणारा शांपोलियाँ इथं १७९० मध्ये जन्मला, त्याच्या घरामागच्या चौकात ती लिपी ज्या शिळेवरून उलगडली त्या रोझेटा शिळेची मोठी प्रतिकृती जमिनीवर अंथरलीय, लोक त्यावरून चालत भाजी घेऊन जातात.

सगळ्यात भारी दिवस सेले नदीचा. एका बाजूला कडा, एका बाजूला नदी, चढ नावाला, आणि शेवटी काब्रेरेजवळ पेश मेर्लची गुहा. १९२२ मध्ये दोन पोरांना सापडलेली, आत ठिपक्याठिपक्यांचे दोन घोडे, २५ हजार वर्षांपेक्षा जुने, आणि प्रतिकृती नाही, खरी भिंत. लास्को ही अशाच चित्रांची प्रसिद्ध गुहा, माणसांच्या वर्दळीनं चित्रं खराब व्हायला लागली म्हणून ती खरी गुहा १९६३ पासून बंद आहे, तसं होऊ नये म्हणून इथं दिवसाला ठरावीक ७०० माणसंच सोडतात. फोटोला बंदी. अजिंठ्याला दहादा जाऊन आलेले आम्ही, तरी आत कोणी बोललं नाही.

जेवण. इथं कंपनी नापासच होती, चीजनं काठावर आणलं. फॉर्मवर शाकाहारी लिहिलं होतं, तरी पहिल्याच हॉटेलात सॅलडमध्ये बदकाच्या जठराचे तुकडे. दुसरीकडं खरपूस बटाटे आले, बायको खूश, मी नोट्स चाळल्या तर कळलं की ह्या भागात बटाटे बदकाच्या चरबीतच परततात. तेव्हा ‘सां व्याँद’, म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही, ‘सां ग्रेस द कानार’ पण म्हणा, बदकाची चरबी नको. रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चपटं गोल चीज टोस्टवर गरम करून वर मध आणि अक्रोड, हे मात्र लै भारी, रोज खाल्लं. माळकरी असाल तर सांगून ठेवतो, बऱ्याच पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध जमवायचं विरजण, असतं.

आणि घड्याळ. दुपारचं किचन बारा ते दोन, दोन वाजून पाच मिनिटांनी तुम्ही उपाशी. सोमवारी तर बेकरी पण बंद सापडते. सकाळी निघतानाच बुलांजरीतून, म्हणजे बेकरीतून, पाव, शिवाय चीज, फळं घेऊन पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या पिशवीत, टाकायचं हे कंपनीनं ठळक अक्षरात लिहायला पाहिजे होतं. आम्हाला शेंगदाण्याच्या चटणीनं तारलं. तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे.

सायकली चांगल्या, डिस्क ब्रेकवाल्या हायब्रिड, पंक्चर एकही नाही. फक्त एक बघा, तिकडं पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडं बहुतेक उजव्या, घाट उतरायच्या आधी मोकळ्या जागेत दहा मिनिटं सवय करा. बॅग एकदा रात्री आठला आली, घामेजल्या कपड्यात जेवायला बसलो, फोनवर सॉरी म्हणाले, पैसे काही कमी केले नाहीत.

काओरला सायकली परत करायच्या आधी पाँ वालांत्रे पूल बघा, १३०८ मध्ये काम सुरू झालेला, तीन बुरुजांचा. बांधणाऱ्यानं सैतानाशी करार केला आणि शेवटी त्याला चाळणीत पाणी आणायला लावून फसवलं अशी गोष्ट, मधल्या बुरुजावर १८७९ च्या दुरुस्तीत त्या सैतानाची बारकी मूर्ती बसवलीय, डोळे ताणून शोधावी लागते.

परत जायचं झालं तर हाच रस्ता, हीच कंपनी, पण हॉटेलात जेवणासकटचं पॅकेज घेणार नाही, फक्त राहणं आणि नाश्ता. जुलै-ऑगस्टात तिकडं गर्दी आणि ऊन, ऑक्टोबर संपला की बारकी हॉटेलं बंद व्हायला लागतात, त्यामुळं मे-जून नाहीतर सप्टेंबर. आणि सीट स्वतःची न्या, त्यांच्या सीटबद्दल डॉक्टरसाहेबांचं मत इथं लिहिण्यासारखं नाही.