जुनी पोलो घ्यायची, पण मॅन्युअल की डीएसजी?

भावाला जुनी फोक्सवॅगन पोलोच हवीय, चाकणच्या कारखान्यात बनलेली. अडलंय गिअरबॉक्सवर, २०१३ नंतरची १.२ जीटी टीएसआय (टर्बो पेट्रोल), ७ स्पीड डीएसजीवाली, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, की २०२० नंतरची १.० टीएसआय, ६ स्पीड मॅन्युअल. टॉर्क दोन्हीचा १७५ एनएम, म्हणजे ताकदीवरून भांडण नको.

खर्चाचं बघ. मॅन्युअलचा क्लच गेला तरी कुठलाही बरा मेकॅनिक बदलून देतो. डीएसजीत दोन ड्राय (तेलात न बुडालेले) क्लच आणि वर मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे क्लच-गिअर आपोआप चालवणारा भाग, ते गेलं की बिल लाखाच्या वर, आणि हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाहीच. ट्रॅफिकमध्ये सरपटत चालवलेली असेल तर ते क्लच तापून लवकर झिजतात, गंमत म्हणजे लोक ट्रॅफिकसाठीच ऑटोमॅटिक घेतात! म्हणून कमी स्पीडला पहिल्या-दुसऱ्यात झटके देते का ते गाडी गरम झाल्यावर बघायचं, थंड असताना सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात. मॅन्युअलला चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघ, आरपीएम चढतो आणि स्पीड नाही तर क्लच संपलाय.

मजा? घाटात मॅन्युअलच. पण गिअर बदलायचा वेग डीएसजीचा, तिथे हाताने जमत नाही.

रोज हिंजवडी असेल तर खरं तर दोन्ही नको, त्याच १.० ची टॉर्क कन्व्हर्टरवाली बघ, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी साधी ऑटोमॅटिक. वीकेंडला ताम्हिणी आणि बजेट टाइट तर मॅन्युअल. डीएसजी फक्त पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असेल आणि लाखभर बाजूला ठेवता येत असतील तरच.