प्रोमिथियस आणि ग्राफाना : पतसंस्थेच्या सर्व्हर रूममधले आठ महिने

आमची पतसंस्था म्हणजे मुख्य कार्यालय आणि 14 शाखा. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, सर्व्हर आमचे, आणि ते बघायला मी नि एक मदतनीस. गेल्या ऑगस्टपर्यंत आमचं मॉनिटरिंग म्हणजे पिंग (सर्व्हर जिवंत आहे का, एवढंच विचारणारा संदेश) लावून ठेवलेली एक स्क्रीन. सर्व्हर पिंगला उत्तर देतोय ना, मग सगळं ठीक, असंच आम्ही धरून चालायचो. शाखेतून मात्र फोन यायचा, "सर, नुसतं फिरतंय."

ऑगस्टमध्ये तीन मोफत सॉफ्टवेअर बसवली : सर्व्हरचे आकडे गोळा करणारं प्रोमिथियस, त्यांचे आलेख दाखवणारं ग्राफाना आणि बिघाडाचे इशारे (अलर्ट) पाठवणारं अलर्टमॅनेजर. संचालकांनी पहिला प्रश्न केला, "फुकटचं आहे, उद्या बंद पडलं तर?" प्रश्न रास्त होता. प्रोमिथियस 2012 मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालं आणि 2016 मध्ये कुबरनेटीस या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाच्या पाठोपाठ सीएनसीएफ या असे प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं. ते एका माणसाच्या मर्जीवर चालत नाही, हे सांगितल्यावर मंजुरी मिळाली.

त्याचं काम असं चालतं. प्रत्येक सर्व्हरवर एक्सपोर्टर नावाचा आकडे पुरवणारा छोटा प्रोग्राम बसतो, आणि प्रोमिथियस ठरलेल्या वेळाने स्वतः जाऊन त्याच्याकडून आकडे घेऊन येतं. आम्ही 15 सेकंद ठेवले आहेत. सर्व्हरसाठी नोड एक्सपोर्टर, आमच्या पोस्टग्रेस डेटाबेससाठी पोस्टग्रेस एक्सपोर्टर, यूपीएस आणि स्विचसाठी एसएनएमपी एक्सपोर्टर, शाखांच्या लाइन बाहेरून तपासायला ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टर. हे सगळं आठवड्यात झालं. ॲप्लिकेशनच्या आतले आकडे द्यायला मात्र सॉफ्टवेअर कंपनीने तीन आठवडे लावले, आणि खरी किंमत त्याच आकड्यांना आहे.

ऑक्टोबरमधली एक संध्याकाळ सांगतो. साडेसहाच्या सुमारास पिग्मी एजंट दिवसभराचं कलेक्शन मशीनवरून चढवतात. त्याच वेळी तीन शाखांचे फोन एकामागोमाग आले. सीपीयू 12 टक्के, रॅम निम्मी मोकळी, डिस्क निवांत. पूर्वी मी इथेच थांबून "तुमची लाइन बघा" म्हणालो असतो. पण ग्राफानावर खाली दुसरा आलेख होता. ॲप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमधली (डेटाबेसशी बोलायच्या ठरावीक जोडण्यांचा साठा) 10 च्या 10 कनेक्शनं गुंतलेली आणि रांगेत 37 विनंत्या. डेटाबेसच्या आलेखात एक सेशन 24 मिनिटं "आयडल इन ट्रान्झॅक्शन", म्हणजे व्यवहार उघडा ठेवून नुसतं बसलेलं. कोणीतरी दुरुस्तीची स्क्रीन उघडून व्यवहार अर्धवट ठेवला होता. त्याने धरलेल्या लॉकमागे (नोंद अडवून ठेवणारं कुलूप) बाकीचे उभे, आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाने पूलमधलं एकेक कनेक्शन अडवलेलं. ते सेशन बंद केलं आणि मिनिटाच्या आत रांग शून्यावर आली.

यात जीव का गुंततो तेही सांगतो. स्क्रीन फिरत राहिली की कॅशियर घाबरून परत बटण दाबतात. दोनदा पडलेली एन्ट्री म्हणजे रोज 50 रुपये भरणाऱ्या भाजीवालीच्या खात्यातला घोळ. तो निस्तरायला दोन दिवस जातात, आणि तिचा विश्वास कधी परत येईल ते कोणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी पोस्टग्रेसमध्ये अशा अर्धवट व्यवहारांना दोन मिनिटांची मुदत घातली. कंपनीने ती स्क्रीनही पुढे दुरुस्त केली. आलेख पाठवल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

अलर्टच्या बाबतीत पहिला महिना वाईट गेला. टेलिग्रामवर रात्रभर टिंगटिंग. सीपीयू 80 टक्क्यांवर गेला की अलर्ट, आणि रात्री बॅकअप चालू झाला की तो जाणारच. मदतनीसाने ग्रुप म्यूट केला, तेव्हा बसून एकेक नियम तपासला. हा अलर्ट आल्यावर मी उठून काही करणार आहे का? नसेन तर नियम काढला. आता 11 उरलेत. शाखेची लाइन गेली की त्या शाखेचे बाकी अलर्ट आपोआप दबतात. डिस्क किती भरली यापेक्षा "याच वेगाने चार तासांत भरेल का" हे प्रोमिथियसच्या प्रेडिक्ट लिनिअर या फंक्शनने विचारतो. विनंतीला लागणाऱ्या सरासरी वेळेचा आलेखही काढून टाकला. सरासरी छान दिसते आणि तेवढ्यात शंभरातले पाच जण अर्धा मिनिट ताटकळत असतात, म्हणून आता 95 वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या 95 विनंत्या किती वेळात उरकतात तो आकडा, बघतो.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायला हवी होती. मूळ सेटिंगमध्ये माहिती फक्त 15 दिवस राहते. सप्टेंबरअखेरची ऑगस्टअखेरशी तुलना करायला गेलो तर ऑगस्ट गायब. आता 400 दिवस ठेवलेत. आमच्याकडे साधारण 20 हजार मालिका (एकेका मोजमापाचे सलग आकडे) आहेत, प्रत्येकीच्या दिवसाला 5,760 नोंदी आणि एका नोंदीला एक-दोन बाइट. वर्षाला 40 ते 85 जीबी, एवढंच.

आणि मॉनिटरच बंद पडला तर? जेसीबीने आमची फायबर तोडली तेव्हा सर्व्हर रूममधून एकही अलर्ट बाहेर गेला नाही, जाणार तरी कुठून. त्यानंतर कायम चालू राहणारा एक अलर्ट बाहेरच्या छोट्या सर्व्हरवर पाठवत राहतो. तो पाच मिनिटं आला नाही की तिथून मला मेसेज येतो.

अडचणीही आहेत. सगळी सेटिंग यामल या प्रकारच्या मजकूर फाइलमध्ये, एक स्पेस चुकली तरी अडतं. प्रोमटूल या प्रोमिथियसच्याच साधनाने तपासल्याशिवाय फाइल चढवू नका. प्रॉमक्यूएल ही आकडे विचारायची भाषा अंगवळणी पडायला मला दोन महिने लागले. लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने लिहिलेल्या घटनांच्या नोंदी, यात येत नाहीत, ते वेगळं बघावं लागतं. तुमच्याकडे नुसते स्विच, प्रिंटर आणि चार विंडोज सर्व्हर असतील तर झॅबिक्स हे दुसरं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर घ्या. तयार टेम्पलेट मिळतात, सगळं एका जागी असतं, नवीन माणसालाही जमतं. ॲप्लिकेशनच्या आत डोकवायचं असेल तर मी प्रोमिथियसच सांगेन.

मार्चएंडला संध्याकाळी सात चाळीसला रांगेचा आकडा चढायला लागला. या वेळी शाखेत फोन मी लावला. "ताई, दहा मिनिटं एन्ट्री परत मारू नका, आम्ही बघतोय." पलीकडून त्या म्हणाल्या, "आत्ताच फिरायला लागलं होतं, सर. तुम्हाला कसं कळलं?"