कासवाच्या घरातली ह्युमिडिटी: उघडं टेबल की बंद चेंबर, स्प्रे की फॉगर?

ह्युमिडिटीसाठी कुठलं मशीन घेऊ असं कोणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते, कासव कुठल्या जातीचं आणि केवढं. रेडफूट असेल तर त्याला ७०-८० टक्के ओलावा कायम लागतो, आणि पूर्ण वाढलेलं हॉर्सफील्ड, हर्मन किंवा ग्रीक कासव ४०-६० टक्क्यांत मजेत राहतं, फक्त लपायची एक जागा ओलसर हवी. लेपर्ड, स्टार वगैरे मधे कुठेतरी. पिल्लांचं गणित मात्र वेगळंच. जात कुठलीही असो, सुरुवातीची एक-दोन वर्षं त्यांना ७०-८० च्या आसपासच ठेवलेलं बरं, हो, सुल्काटाच्या पिल्लांनासुद्धा.

सुल्काटा म्हटलं की लोक म्हणतात अहो ते तर सहाराच्या कडेचं, त्याला कसला ओलावा. पण ते तिथे दिवसभर उन्हात फिरत नाही ना, खोल बीळ खणून आत बसतं आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते. हॉर्सफील्डचंही तेच, वर्षातला बराच काळ जमिनीखाली. आपण घरात बीळ देत नाही, वर बल्ब लावतो, खाली कोरडा भुसा घालतो आणि मग कवचावर उंचवटे का आले म्हणून विचारतो. हे उंचवटे म्हणजे पिरॅमिडिंग, आणि पूर्वी त्याचं सगळं खापर जास्त प्रोटीनवर फोडायचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुल्काटाची पिल्लं वेगवेगळ्या ओलाव्यात आणि कमीजास्त प्रोटीनवर वाढवून बघितली, तर कोरड्या हवेतल्यांची कवचं जास्त खडबडीत झाली, प्रोटीनचा फरक त्यापुढे किरकोळ होता. एकदा आलेला उंचवटा परत सपाट होत नाही, पुढची वाढ तेवढी गुळगुळीत होऊ शकते, म्हणून पिल्लू असेल तर हा निर्णय लांबवू नका.

आता खरी तुलना. माझ्या मते निवड फॉगर की स्प्रे अशी नसतेच, ती आधी उघडं टेबल की बंद चेंबर अशी असते, बाकी सगळं त्याच्या मागून.

उघडं टेबल म्हणजे कडा असलेली, वरून उघडी पेटी. त्याचं चांगलं म्हणजे हवा खेळती राहते, साफ करायला सोपं, दिवे हवे तसे लावता येतात, बल्बखाली ऊब आणि दुसऱ्या टोकाला गार असा उतार आपोआप मिळतो. वाढलेल्या हर्मनला किंवा हॉर्सफील्डला एवढं पुरतं. पण यात ओलावा टिकत नाही म्हणजे नाहीच, कारण गरम हवा वर जाते आणि जाताना वाफ घेऊन जाते. शिवाय खोलीतली हवा जेवढी तापवाल तेवढी ती टक्क्यांत कोरडी होत जाते, २० अंशांवर ६० टक्के असलेली हवा काहीही न मिसळता ३० अंशांवर नेली तर ह्युमिडिटी मोजणारा मीटर ३३ च्या आसपास दाखवतो. पाणी तेवढंच, फक्त गरम हवेत मावतं जास्त. त्यामुळे उघड्या टेबलात रेडफूट किंवा पिल्लू ठेवून दिवसभर स्प्रे मारत बसणं म्हणजे बुड फुटलेल्या बादलीत पाणी ओतण्यासारखं आहे. वर अर्ध्या भागावर ॲक्रिलिकची शीट टाकली तर थोडा फरक पडतो, आहे ते टेबल लगेच बदलता येत नसेल तर हे करून बघाच.

बंद चेंबर म्हणजे वरून झाकलेली, पुढून दार असलेली पेटी, दिवे सगळे आत. यात ८० टक्के राखायला फार धडपड करावी लागत नाही, सबस्ट्रेट, म्हणजे तळाला घातलेला मातीसारखा थर, ओला ठेवला की झालं. तोटेही आहेत. एक तर उष्णता साचते, थर्मोस्टॅट नसेल तर लहान पेटी बघता बघता भट्टी होते, तेव्हा थर्मोस्टॅटशिवाय बंद चेंबर नकोच. दुसरं, दिवे आतच हवेत, काचेच्या झाकणावर यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) ठेवून उपयोग नाही, साधी काच यूव्हीबी अडवते. दिवे आत आले की अंतर मोजून लावायचे, कासव बल्बच्या फार जवळ येता कामा नये. तिसरं म्हणजे ओलं आणि थंड हे कॉम्बिनेशन सगळ्यात वाईट, नाक गळणं, छातीचा त्रास सगळं त्यातूनच येतं. आत दमट असेल तर रात्रीसुद्धा २६-२७ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, त्यासाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर वापरतात. लाकडी पेटी असेल तर आतून वॉटरप्रूफ केलेली हवी, नाहीतर तळ कुजतो.

मग पाणी द्यायचं कसं? हाताने स्प्रे मारणं सगळ्यात सोपं पण त्याचा परिणाम तासा-दोन तासांत उडून जातो, मीटरवर आकडा वर गेलेला दिसतो आणि आपल्यालाच बरं वाटतं. पिल्लाच्या पाठीवर दिवसातून एक-दोनदा मारायला मात्र चांगला. त्यापेक्षा सबस्ट्रेटच्या कोपऱ्यात कोमट पाणी ओतायचं, म्हणजे ते तळाशी पसरतं, खालचा थर ओला आणि वरचा जवळजवळ कोरडा राहतो आणि दिवसभर हळूहळू वाफ होत राहते. मला हाच प्रकार सगळ्यात पटतो, कारण वीज जाते, मशीन बंद पडतं, ओली माती तशीच राहते. वरचा थर चिखल झाला तर मात्र थांबा, पोटाखालचं कवच सतत ओलं राहिलं की तिथे शेल रॉट, म्हणजे कवच सडणं, धरतो.

फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारं मशीन, त्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. धूर दिसायला भारी दिसतो पण तो गार असतो, त्याच्या टाकीत पाणी साचून राहिलं की जंतू वाढतात आणि तेच बारीक थेंबांतून कासवाच्या नाकात जातात, नळाचं जड पाणी घातलं तर सगळीकडे पांढरी पूड बसते ती वेगळीच. घ्यायचाच असेल तर डिस्टिल्ड पाणी, टाकीची नियमित सफाई आणि ह्युमिडिटी कंट्रोलर, हे तिन्ही जमणार असेल तरच. ऑटोमॅटिक मिस्टर, म्हणजे टायमरवर आपोआप पाणी फवारणारं यंत्र, त्यापेक्षा बरा, रेडफूटच्या मोठ्या चेंबरला कामाचा, पण टायमर नीट लावला नाही तर तळं होतं. खोलीचा ह्युमिडिफायर लावला तर आधी तुमच्या भिंतींना बुरशी येईल, कासवाचं नंतर बघू.

ह्युमिड हाइड, म्हणजे लपायची ओलसर जागा, हा प्रकार मात्र कुणालाही चालतो. अपारदर्शक डबा, एका बाजूला दार कापलेलं, आत ओलं स्फॅग्नम मॉस किंवा कोकोपीट. उघड्या टेबलात वाढलेलं कासव असेल तर एवढंच पुरतं, ते स्वतःच हवं तेव्हा आत जातं. मॉस खाणारं कासव असेल तर कोकोपीटच घाला.

सबस्ट्रेटमध्ये मी कोकोपीट आणि बारीक ऑर्किड बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे) मिसळून, निदान चार इंच तरी, असं सांगेन. नुसतं कोकोपीट वरून सुकलं की धूळ उडते, नुसता बार्क पाणी कमी धरतो पण बुरशी लवकर येत नाही, दोन्ही मिळून काम भागतं. खत, कीटकनाशक काही नसलेली बागेची मातीही छान. सीडरचा भुसा, नुसती वाळू, कागदाच्या गोळ्या हे नको. दमट चेंबरमध्ये स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे सोडले तर बुरशी तेच खातात, किडे बघून किळस येत असेल तर वरचा थर दर थोड्या दिवसांनी हलवत राहा.

बल्ब राहिला. अरुंद झोताचा स्पॉट बल्ब थेट पाठीवर पडला तर बाकीच्या चेंबरमध्ये ८० टक्के असूनही कवचाचा वरचा भाग वाळत राहतो, म्हणून पिल्लांना पसरट झोताचा फ्लड बल्ब घ्या.

मीटर डिजिटलच घ्या, काट्याचे स्वस्त डायल वाटेल ते दाखवतात. ठेवायचा कासवाच्या उंचीवर, गार टोकाला एक आणि हाइडमध्ये एक, बल्बखालचा आकडा कमीच येणार त्यावरून घाबरू नका. मीटरची परीक्षा घ्यायची तर बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थोड्या पाण्याने नुसतं दमट करा, मीटरसोबत घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा, ७५ च्या जवळपास दाखवायला हवा, जेवढा फरक येईल तेवढा पुढच्या प्रत्येक आकड्यात धरायचा.

तर पिल्लू किंवा रेडफूट असेल तर सरळ बंद चेंबर, थर्मोस्टॅट आणि ओला सबस्ट्रेट, मशीन काही नको. वाढलेलं हर्मन, ग्रीक, हॉर्सफील्ड असेल तर उघडं टेबल आणि ह्युमिड हाइड. पिल्लू आहे पण चेंबर सध्या जमत नाही असं असेल तर टेबलावर शीट टाका, हाइड मोठा करा आणि हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात रोज १५-२० मिनिटं बसवा, पाणी गार व्हायच्या आत बाहेर काढायचं. हे चेंबरची बरोबरी करत नाही पण तोपर्यंत पिल्लू आतून तरी कोरडं पडत नाही. आणि नाकातून बुडबुडे, तोंड उघडं टाकून श्वास, किंवा पोटाकडच्या कवचाला मऊ, वास येणारा डाग दिसला तर ह्युमिडिटी कमीजास्त करत बसू नका, सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला व्हेट गाठा.