अ‍ॅक्टिव्हा ११०: पहिले हजार किलोमीटर

होंडा अ‍ॅक्टिव्हाचे १०९.५१ सीसीचे इंजिन पहिले ५०० किलोमीटर मी मुद्दाम जपून चालवले, कारण पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसेपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर पिळणे किंवा तासभर एकाच वेगाने गाडी रेटणे, ही दोन्ही कामे टाळलेलीच बरी. पुण्याच्या रहदारीत वेग आपोआप कमी-जास्त होत राहतो, आणि इंजिन रुळण्यासाठी तेच हवे असते. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर मात्र साताऱ्याच्या वाटेवर ताशी ५५ ते ६० किलोमीटरचा वेग सलग ठेवला; पंख्याच्या हवेने थंड होणारे हे छोटे इंजिन सपाट रस्त्यावर विलक्षण शांत राहिले. खंबाटकीच्या चढावर मी वेगाचा आग्रह सोडला आणि घाट ओलांडल्यावर गाडीला दहा मिनिटे विसावा दिला. रोजच्या वापरासाठी ही स्कूटर मला मनापासून आवडली.