कोथरूडच्या जुन्या सोसायटीत काळी केबल जाऊन फायबर आली, ८ महिने वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, कारण रिव्ह्यू त्यावरच उभा आहे. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग घरून करते. सोसायटी १९८९ ची, तीन विंग, चार मजले, आम्ही वरच्या मजल्यावर. एका लग्नाच्या फायनल फाइल्स साधारण ४० जीबी होतात आणि त्या क्लाउडवर टाकून नवरा-नवरीला लिंक द्यायची असते, म्हणजे माझं सगळं काम अपलोडवर चालतं. कंपन्यांची नावं लिहीत नाही, प्रत्येक एरियात ऑपरेटर वेगळा असतो आणि तुमच्याकडे कोण येतो त्यावर बरंच अवलंबून आहे.

सहा वर्षं माझ्या बिलावर "१०० एमबीपीएस फायबर" असं छापून येत होतं. आणि फायबर, म्हणजे उजेडावर चालणारी काचेच्या धाग्याची लाइन, होती कुठपर्यंत, तर कोपऱ्यावरच्या खांबावरच्या पेटीपर्यंत! तिथून पुढे गच्चीवरून गच्चीवर आलेली तीच जुनी टीव्हीची काळी केबल, मग गच्चीवर सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, मग जिन्यात लाइन घराघरांत वाटणारा स्प्लिटर आणि मग माझ्या खिडकीतून आत. डाउनलोड ९० च्या आसपास मिळायचं त्यामुळे कुणाला संशयही आला नाही, पण अपलोड ५. गणित करून बघा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट), ५ एमबीपीएसनी ४० जीबी जायला जवळपास १८ तास लागतात. मधे लाइट गेली की परत पहिल्यापासून. क्लायंटचे फोन यायचे, "ताई, मामा न्यू जर्सीत वाट बघतायत, कधी पाठवताय?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं, तेव्हा खरंच रडू यायचं.

हे असं का होतं ते फायबर टाकायला आलेल्या दादाने मला समजावून सांगितलं, तो बारा वर्षं याच लाइनमधे आहे. काळी केबल मुळात टीव्हीसाठी, म्हणजे बाहेरून घरात चॅनेल आणायला टाकलेली, त्यामुळे जवळपास सगळी जागा घराकडे येणाऱ्या सिग्नलला दिलेली असते आणि घरातून बाहेर जायला सगळ्यात खालचा एक चिंचोळा पट्टा, बहुतेक ठिकाणी ६५ मेगाहर्ट्झच्या आतला. तो पट्टाही सगळ्या घरांचा मिळून एकच. शिवाय प्रत्येक घरातला कचरा सिग्नल त्याच पट्ट्यात गोळा होतो. आमच्याच विंगमधे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या टीव्हीमागचा कनेक्टर ढिला होता आणि तेवढ्यानं पूर्ण विंगचा अपलोड बसला होता, ते सापडायला कंपनीला तीन आठवडे लागले. आणि पाऊस! केबलच्या आतली तार बहुतेक वेळा लोखंडी असते, वरून तांब्याचा नुसता मुलामा, कनेक्टरमधे पाणी शिरलं की गंजते. दर जूनमधे एक मुलगा यायचा, टोक कापून नवीन कनेक्टर लावायचा, गणपतीपर्यंत चालायचं, मग पुन्हा तेच.

पण मला स्पीडपेक्षा मोठा फरक पडला तो गुरुवारचा. पुण्यात राहणाऱ्यांना गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी, दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जाण्याचा दिवस. माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, मॉडेम चालू राहायचा, पण गच्चीवरचा अँप्लिफायर सोसायटीच्या मीटरवर, तो बंद पडला की इंटरनेट गेलं. म्हणजे माझ्या घरात लाइट असून उपयोग नाही. फायबरमधे ऑपरेटरच्या ऑफिसपासून माझ्या भिंतीपर्यंत मधे विजेवर चालणारं काहीच नाही. जिन्यातल्या डब्यात जो स्प्लिटर आहे तो नुसता काचेचा, एका धाग्यातला उजेड आठ घरांत वाटतो, त्याला प्लग नाही की बॅटरी नाही. मी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय आणि आठ महिन्यांत एकाही गुरुवारी माझं अपलोड थांबलं नाही. एकाही नाही.

आता काम कसं झालं ते. सेक्रेटरी काकांनी आधी नाही म्हटलं होतं, पॅसेज फोडतील म्हणून. आम्ही नऊ जणांनी मिळून लेखी दिलं, जुन्याच डक्टमधून न्यायचं आणि नवीन भोक पाडायचं नाही या अटीवर, तेव्हा परवानगी मिळाली. तीन विंग दोन दिवसांत झाल्या. माझ्या घरी दीड तास लागला, जुन्या केबलच्याच भोकातून फायबर आत आली. मग दादाने स्प्लायसिंगचं मशीन काढलं. दोन काचेचे धागे, वरचं आवरण काढल्यावर प्रत्येकाची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, मशीनमधे समोरासमोर ठेवले, स्क्रीनवर दोन्ही टोकं मोठी दिसली, एक ठिणगी पडली आणि दोन्हीचा एक धागा झाला. मी आणि आई बघतच राहिलो. आई म्हणाली, "अगं, काचेला गाठ मारली की यानं." मी तिला सांगितलं की अशी फायबर आपल्या मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरच्या (आधीचं औरंगाबाद) वाळूजला बनते, तिला फार भारी वाटलं.

एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः बघा, दादा निघायच्या आधी त्याला पॉवर मीटर, म्हणजे धाग्यातून उजेड किती पोहोचतोय ते मोजायचं यंत्र, लावायला सांगा. माझ्याकडे उणे १९ डीबीएम आलं. उणे २५ च्या पुढे, म्हणजे उणे २६, २७ असं असेल तर कुठेतरी वाकडी मुरडलेली आहे किंवा जोड नीट नाही, तेव्हाच करून घ्या, नंतर कुणी येत नाही. आणि फायबर खिळ्याने ठोकू देऊ नका, काटकोनात वळवू देऊ नका, कपाटामागे दाबू नका.

आता स्पीड. प्लॅन १०० चा, अपलोड १०० आणि डाउनलोड १००, महिन्याला ७९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३. तेच ४० जीबी आता तासाभरात जातात. पहिल्यांदा टाकलं तेव्हा मी चहा करून आले आणि बार चांगलाच पुढे सरकलेला, मला वाटलं काहीतरी चुकलंय. रात्री ९ ते ११, जेव्हा सगळी सोसायटी काहीतरी बघत असते, तेव्हाही ९० च्या खाली जात नाही. हीसुद्धा शेअरिंगचीच लाइन आहे बरं का, ऑपरेटरच्या एका पोर्टचे अडीच जीबीपीएस अशा अनेक डब्यांतून मिळून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, पण १०० च्या प्लॅनला ते भरपूर पुरतात.

ज्यासाठी मी एक स्टार कापला ते पण सांगते. त्यांनी आधी जो राउटर दिला तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचा, वायफायवर ४० च्या वर जाईना, आणि शेजारचे आजोबा म्हणायला लागले की फायबर पण तसलीच. फायबरचा काही दोष नव्हता. ड्युअल बँडवाला, म्हणजे २.४ सोबत ५ गिगाहर्ट्झही असलेला, मागून घ्या, आम्हाला तीन फोन करावे लागले पण वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसरं, तुटली तर जोडायला मशीनवालाच लागतो. ऑगस्टमधे गुलमोहराची फांदी पडली, राउटरवर एलओएसचा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागला, संध्याकाळी तक्रार केली तर जोडायला दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आले. काळी केबल कुणीही पोरगा दहा मिनिटांत जोडायचा, हे मान्य करायला पाहिजे. डेडलाइन असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. ५ पैकी ४.

आणि ज्यांच्याकडे आई-आजोबा केबल टीव्ही बघतात त्यांनी घाईत काळी वायर कापायला सांगू नका. आमच्या बी विंगमधे तीन घरांत मालिका बंद पडल्या आणि दोन दिवस फार वाईट गेले, टीव्हीची लाइन वेगळी परत ओढावी लागली. बाकीच्या मेलेल्या केबल अजून डक्टमधे लोंबतायत, त्यात पाणी साठतं आणि डास होतात. ऑपरेटरने पावसाळ्याआधी माणूस पाठवतो म्हणून कबूल केलंय, तो येऊन गेला की मी इथे अपडेट टाकते.